आपली हळद दुसऱ्यानं बघायची

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. एका आळीत आयुष्याची सुरुवातीची वर्षं काढली की ते आपोआप साठतात. सांगायला बसलं की कोंबड्यांसारखं होतं. एकीला दाणे टाकावेत आणि सगळ्या आळीच्या कोंबड्यांनी अंगणात यावं!

मी हे लिहायला बसलो त्याला कारण एक सत्कार. मागच्या महिन्यात एका शाळेत मला ‘चारित्र्य’ या विषयावर बोलायला बोलावलं. अध्यक्ष मांडवात बसले होते, पोरं उन्हात. अध्यक्ष ‘त्याग’ या शब्दावर पुष्कळ वेळ बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “आधी पोरांना मांडवात घेऊ, आपण उन्हात बसू, मग त्यागाचं पुढचं बोलू.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आणलेला नारळ अध्यक्षांनी हळूच टोपलीत परत ठेवला.

हेडमास्तर नंतर चहा देताना म्हणाले, “अहो, एखाद्या थोर माणसाची गोष्ट सांगायची. तुम्ही एवढे जुने रिपोर्टर, तुमच्या ओळखीत किती असतील.”

मी म्हटलं, “आहेत ना. कुरुंद्याचे कढईवाले.”

“ते कोण?”

“हळद शिजवणारे.”

हेडमास्तरांनी बशी खाली ठेवली आणि मला लवकर गाडी मिळावी म्हणून शिपायाला पिटाळलं. त्यांनी जे ऐकलं नाही ते आता छापून वाचावं लागेल.

*

कुरुंदा माझं गाव. गोष्टी निजामाच्या अमलातल्या. आमच्या आळीतल्या घरांची मिळून एकच मोठी लोखंडी कढई होती. फाल्गुनात हळद उपटायची. ओली हळद ठेवून चालत नाही, सडते. म्हणून घरोघरची हळद पाळीपाळीनं या कढईत शिजवायची. मळ्याच्या कडेला चर खणून केलेली चूल, तिच्यावर कढई, कढईत हळद आणि पाणी, वरून हळदीच्याच पाल्याचं झाकण, खालून तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ. हळद कच्ची राहिली तर वाळताना रंग धरत नाही, पुढं कीड लागते. जास्त शिजली तर चिखल.

कढईचा नियम एकच होता. ज्याची हळद त्यानं ‘शिजली’ म्हणायचं नाही. दुसऱ्या घरच्या माणसानं यायचं, बोथट काडी टोचून बघायची, आणि त्यानं ‘काढा’ म्हटलं की मगच काढायची. कारण उघड आहे. जळण ज्याचं जळतंय त्याला आपली हळद लवकर शिजलेली दिसते.

गणपतआबा हा नियम सांभाळत. आबांचं रान बेताचंच. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि काढायची कुणाची छाती नव्हती.

यातला सर्वांत जुना किस्सा माधवराव पाटलांचा. आळीतले सगळ्यांत मोठे जमीनदार. एका वर्षी त्यांना कुठंतरी लग्नाला जायचं होतं. पाटलांनी स्वतःच काडी टोचली, स्वतःच मान हलवली आणि गड्यांना म्हणाले, “शिजली. काढा.”

गडी झारे घेऊन पुढं झाले. आबा चुलीशी तंबाखू मळत बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, “पाटील, मागं तुमच्या थोरलीला बघाया पाव्हणे आले व्हते न्हाई का?”

“व्हय. त्याचं काय?”

“तवा पोरगी पसंत हाय, हे तुमी सांगितलं व्हतं, का पाव्हण्यांनी?”

पाटलांनी काडी खाली ठेवली. लग्नाला ते पंगत उठल्यावर पोचले.

*

मी हैदराबादला कॉलेजात गेलो आणि माझ्या डोक्यात कायदा शिरला. हळदीच्या दिवसांत काही ना काही कारण काढून मी गावात असायचोच. एकदा आबांना म्हटलं, “आबा, हा नियम लिहून ठेवू. खाली सगळ्यांचे अंगठे घेऊ.”

“काहून?”

“उद्या कुणी मोडला तर?”

“लिहिला म्हंजी मोडत न्हाईत व्हय? सरकारचं समदंच लिहिलेलं हाय की.”

त्या काळी सरकारवर एवढं बोलणं म्हणजे धाडस होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आबांच्या माघारी नियम कोण सांभाळणार, हा माझा प्रश्न रास्त होता. नुसत्या इभ्रतीवर चाललेली किती चांगली कामं एका माणसाबरोबर सरणावर गेलेली मी रिपोर्टर म्हणून पाहिली आहेत! आबा थोर होते म्हणून त्यांचं सगळंच बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही.

*

नियमाची खरी परीक्षा झाली ती रखमाकाकूच्या पाळीला. काकूचा नवरा तापानं गेला. पदरात गंगू नावाची एक लेक. वाट्याला नदीकडेचं थोडं रान, आणि त्या रानात नवऱ्यानं जाताजाता लावलेली हळद. नवऱ्याचा धाकटा भाऊ मारोती शेजारच्याच घरात राही. अंगानं दणकट, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ.

फाल्गुनात पाळ्या ठरवायला सगळे चुलीशी जमले तेव्हा मारोती म्हणाला, “भावाची पाळी आता माझी. वैनीची हळद मी घेतो, माझ्यात शिजवतो.”

ऐकायला हे मायेचं वाटतं. पण आळीत सगळ्यांना पुढचं दिसत होतं. यंदा ओली हळद दिराच्या हाती दिली की पुढल्या वर्षी रान त्याच्या हाती, आणि त्याच्या पुढल्या वर्षी काकू त्याच्या दारात भाकरीला उभी. कढईची पाळी म्हणजे आळीत आपलं घर उभं आहे याची खूण होती. ती गेली की घर गेलं.

आबा म्हणाले, “पाळी घराची असती. घर हाय.”

मारोती म्हणाला, “घर हाय, पर माणूस कुठं हाय? बाईमाणूस कढईवर उभं ऱ्हाणार? एवढा मोठा जाळ सांभाळणार?”

काकू बायकांच्या मागं उभी होती. ती पुढं आली नाही. तिथूनच म्हणाली, “भाऊजी, सकाळी खाऊन आलात ती भाकरी कोनच्या गड्यानं भाजली?”

आधी बायका हसल्या, मग गडी हसले. मारोती तेवढा हसला नाही. काकूची पाळी काकूकडं राहिली.

*

पण हसण्यावारी गेलेला माणूस गप्प बसत नाही. मारोतीनं आळीत फिरून सांगितलं, “वैनीच्या हळदीत जो काडी टोचंल त्याच्या घरचं पाणी मला बंद. लग्नकार्याला त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई, मी त्याच्या दारात जाणार न्हाई.”

डाव बारकाईनं टाकलेला होता. नियमाप्रमाणं काकू स्वतः ‘शिजली’ म्हणू शकत नव्हती. आणि दुसरं कुणी म्हणायला आलं नाही तर हळदीचा चिखल होणार. नियम पाळूनच बाईला बुडवायचं. असे डाव मी पुढं वकिलांच्या कचेऱ्यांत पुष्कळ पाहिले. पण हा पहिला.

काकूच्या पाळीचा दिवस आला. तिनं एकटीनं जाळ घातला. दुपार कलली, पाल्याखालून वाफ यायला लागली, हळदीचा वास सुटला. चुलीकडं कुणी फिरकेना. गणपतआबा त्या दिवशी सोयऱ्याच्या मातीला नरसीकडं गेले होते. घरोघरी माणसं होती. पण त्या दिवशी सगळ्यांना अचानक गोठ्यात काम निघालं होतं.

मग माधवराव पाटील आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. वाकून काडी टोचली आणि म्हणाले, “काकू, अजून घटकाभर.”

आता घटकाभरानं परत यायला हवं होतं. पाटील घरी गेले नाहीत. आपण गेलो की वाटेत कुणीतरी अडवणार, समजूत घालणार, हे त्यांना माहीत होतं. ते तिथंच हळदीच्या ढिगाला टेकून जमिनीवर बसले. येणारे-जाणारे बघत गेले. घटकेनं उठून पाटलांनी पुन्हा काडी टोचली आणि मारोतीच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काढा.”

धोतर मागून पिवळं झालं होतं. पाटलीणबाई म्हणाल्या, “सोडा, भिजत घालते.” पाटील तेच धोतर नेसून दुसऱ्या दिवशी वसमतच्या बाजाराला निघाले. पाटलीणबाई म्हणाल्या, “अवो, लोक काय म्हनतील?”

पाटील म्हणाले, “धुतलं तर मारोती म्हनंल, पाटील भ्याला.”

*

याच हळदीचं पुढं काय झालं तेही सांगतो. वसमतला आडतीवर एक मुनीम होता, मूळ हैदराबादकडचा. आमच्या आळीची हळद आली की तो गोणी उघडायच्या आधी एकच विचारी, “देखा किसने?” म्हणजे काडी कुणी टोचली. कढईचा नियम तिथवर पोचला होता. बघणाऱ्याचं नाव मालाबरोबर बाजारात जायचं, म्हणून बघणाराही जपून बघायचा.

काकू पहिल्यांदाच आडतीवर गेली होती. मुनीमानं विचारलं, “देखा किसने?”

“माधवराव पाटलानं.”

मुनीमानं तिच्याकडं वर-खाली बघितलं. “पाटीलसाब खुद? तुम्हारे कौन लगते?”

काकू म्हणाली, “कोनी न्हाई. म्हनून तर बघितली.”

मुनीम मान हलवून हमालाला म्हणाला, “खोलो मत. तोलो.”

आज गावोगावच्या चौकांत रंगवलेले बोर्ड बघतो. वाढदिवस ज्याचा, बोर्ड त्याचाच, आणि ‘कार्यसम्राट’ हेही त्यानंच लिहून घेतलेलं. पेंटरला आधी पैसे मिळाले की नाही, एवढीच खरी बातमी. हे सगळे मुनीमासमोर उभे करावेत असं मला फार वाटतं.

*

पाटलांचा मुलगा दिनकर माझ्या बरोबरीचा. एका वर्षी मारोतीच्या पाळीला जाळ घालायचं काम आळीनं दिनकरकडं दिलं. जवळच यात्रा होती, कुस्त्या होत्या. दिनकर जाळ सोडून कुस्त्या बघायला गेला. परत आला तेव्हा चूल विझली होती, आणि मारोतीची हळद अर्धी कच्ची कोमट पाण्यात पडली होती.

आळीला मनातून बरं वाटलं. मारोतीचीच ना? होऊ दे. काहींनी दिनकरची पाठही थोपटली. पाटील-मारोतीचं वैर, तेव्हा मुलानं बापाचा वचपा काढला, असा लोकांनी अर्थ लावला.

संध्याकाळी पाटलांनी दिनकरला सगळ्यांसमोर चुलीशी उभं केलं. “कुस्ती कोन जितलं?”

दिनकरनं पैलवानाचं नाव सांगितलं.

“बरं. आता आपल्या खळ्यातल्या तुराट्या आन. गाडी न्यायची न्हाई, गडी न्यायचा न्हाई. डोक्यावर. आन् चावडीपुढून यायचं.”

“दादा, मारोतीच्या हळदीसाठी?”

“मारोती आपला वैरी असंल. त्याच्या हळदीनं तुझं काय वाईट केलं?”

दिनकरनं चावडीपुढून भारे वाहिले. लोक बघत होते. मारोती बांधावर उभा राहून बघत होता. तो आभाराचा एक शब्द बोलला नाही. पाटलांनीही वाट बघितली नाही. मुलाला वळण लावताना बक्षिसाची वाट बघणाऱ्या आईबापांनी याची नोंद घ्यावी.

*

एक छोटा किस्सा गंगूचा, कारण घरातल्या पोरींना तो मी नेहमी सांगतो.

गंगूनं एकदा एकटीनं सगळा स्वयंपाक केला आणि आईला म्हणाली, “आई, भाकरी लई झ्याक झाली बघ.”

काकू म्हणाली, “तू म्हनू नगंस. खानाऱ्याला म्हनू दे.”

गंगू दोन दिवस थांबली. मग तक्रार घेऊन आली, “खानारे काईच म्हनून नाही राहिले.”

“मग अजून जाळ लागंल.”

*

शेवटचा किस्सा अठ्ठेचाळीस सालच्या फाल्गुनातला.

त्या दिवसांत आमच्या भागात काय चाललं होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावंच्या गावं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघाली होती. रस्त्यानं निजामाकडच्या टोळ्यांची लूट होती, आज या गावाला आग, उद्या त्या. कॉलेज सुटलेलं, म्हणून मी गावात. गणपतआबा आदल्या पावसाळ्यात वारले होते. नियम सांभाळणारं आता कुणी नव्हतं. पाटलांची हळद पाळीत सगळ्यांच्या आधी निघाली होती. त्यांचं सगळं घर वऱ्हाडात गेलं होतं आणि त्यांच्या बायकांबरोबर काकूनं गंगूला पुढं धाडलं होतं. आमच्या घरचे, मारोतीची बायकोपोरंही गेली होती.

आळीत राहिलो आम्ही तिघं. मारोती, कारण त्याची हळद कढईत होती. रखमाकाकू, कारण तिची पाळी मारोतीच्या मागची होती. तिची उपटलेली ओली हळद बांधावर पडली होती, आणि ती टाकून जायला ती तयार नव्हती. “हळद गेली तर लावायच्या बेण्याला पैसा कुठला आणू? आन् रान पडलं तर परत कशाला येऊ?” एवढंच ती म्हणाली. आणि मी, कारण मारोतीच्या गाडीतून मला जायचं होतं. गाडी चुलीजवळ जुंपून उभी होती. शिजलेली हळद वाळायला पसरली की निघायचं. वाळवण राखायला खालच्या आळीतला एक मुका म्हातारा तयार झाला होता.

मारोती त्या सगळ्या वर्षांत काकूशी बोललेला नव्हता. काकू सणावाराला ‘भाऊजी’ म्हणून हाक मारी, हा तोंड फिरवी. त्या दिवशीही एक चुलीच्या या बाजूला, एक त्या बाजूला.

दुपारी कळमनुरीकडून आलेला एक मेंढपाळ मेंढ्या हाकत घाईनं गेला. जाताजाता ओरडला, “निघा रं, काहून थांबून राहिले? दिस मावळायच्या आत निघा. पलीकडच्या गावापर्यंत आलेत.”

मी कढईकडं बघितलं. वाफ येत होती, वासही सुटला होता. म्हटलं, “मारोतीकाका, आता नियम कुणासाठी? तुम्हीच बघा आणि काढा.”

मारोती जाळ सारत राहिला.

मी म्हटलं, “बरं, मग मी बघतो. मी दुसऱ्या घरचाच आहे.” आणि काडी उचलली.

मारोतीनं माझ्या हातातनं काडी काढून घेतली. “तुला जायची घाई हाय. तू शिजलीच म्हनशील.”

काडी हातात धरून तो उभा राहिला. मग चुलीला वळसा घालून काकूच्या बाजूला गेला आणि तिच्याकडं न बघता काडी पुढं केली.

“वैनी, बघता का?”

काकूनं काडी घेतली नाही. म्हणाली, “भाऊजी, माझी पाळी तुमच्या मागं हाय. लेक नदीपल्याड हाय. घाई मलाबी हाय.”

“म्हाईत हाय.”

“मग?”

“बघा.”

काकूनं काडी घेतली. पाला बाजूला केला. मधली हळद टोचली, कडेची टोचली, खालून एक गड्डा वर काढला, तोही टोचून बघितला. रस्त्याच्या बाजूला कुठंतरी कुत्री एकदम भुंकायला लागली. काकूनं गड्डा मोडून नाकाशी नेला आणि परत कढईत टाकला.

“अजून न्हाई.”

मारोती गाडीकडं गेला आणि त्यानं बैल सोडले.